सलामीचे उत्तर

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा हमरस्ता शिरूर तालुक्यातून जातो. त्याच रस्त्यावर शिक्रापूर लागते. चाकणहून येणारा रस्ता येथेच त्याला येऊन मिळतो. त्यामुळे या गावात वाहनांची वर्दळ रात्रंदिवस चालू असते. या वर्दळीतून अधूनमधून लष्करी गाड्यांची एखादी रांगही जाते. रस्त्याच्या एका टोकाला पुण्याची छावणी आणि खडकीचे लष्करी अभियंत्यांचे केंद्र आहे. दुसऱ्या टोकाला, पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरात, १९४८ पासून रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. गाड्या दिसल्या की शाळेतून परतणारी मुले रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि कपाळाशी हात नेऊन मोठ्या ऐटीत सलाम ठोकतात. कधी गाडीतला एखादा जवान हसून त्या सलामीचे उत्तर देतो. मग त्या दिवशी मुलांना दुसरा विषय सुचत नाही.

सलामी मिळाली, याचा मुलांना एवढा आनंद का होतो? आणि ती मिळाली नाही, तर मन खट्टू का होते? हात वर जातो आणि खाली येतो, एवढीच तर ती क्रिया. परंतु त्या एका क्षणात एक माणूस दुसऱ्याला काही सांगत असतो. तो नेमके काय सांगतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

समजा, शिक्रापूरची दोन माणसे एकाच पलटणीत आहेत. त्यांतील एक सुभेदार. वय अठ्ठेचाळीस, केस पिकलेले, पंचवीस-सव्वीस वर्षांची चाकरी, हिमालयातील बर्फ आणि राजस्थानातील वाळू दोन्ही पाहिलेला माणूस. दुसरा नुकताच नेमला गेलेला लेफ्टनंट. वय बावीस. हा लेफ्टनंट लहान असताना, रजेवर आलेल्या याच सुभेदाराने त्याला मळ्यातील विहिरीत पोहायला शिकविले होते. पलटणीतील पहिल्या सकाळी दोघे समोरासमोर येतात. सुभेदार टाच जुळवून ताठ उभा राहतो, उजवा हात उचलतो आणि खणखणीत आवाजात म्हणतो, “जय हिंद, साहेब!” लेफ्टनंटही तितक्याच ताठपणे हात उचलतो आणि उत्तर देतो, “जय हिंद, साहेब!”

पुढे काही महिन्यांनी दोघेही रजेवर गावी येतात. देवळाच्या पारावर सुभेदार साध्या कपड्यांत बसलेला असतो. तोच लेफ्टनंट सदरा-पायजम्यात तेथे येतो, वाकून त्याच्या पायांना हात लावतो आणि म्हणतो, “आबा, केव्हा आलात?” सुभेदार त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि म्हणतो, “ये पोरा, बस.”

पारावरची मुले ही गोष्ट ऐकून बुचकळ्यात पडतील. पलटणीत आबांनी आधी हात उचलायचा आणि गावात त्या पोराने आबांच्या पाया पडायचे! या दोहोंतील खरे कोणते? वडीलधाऱ्या माणसाने कोवळ्या पोराला आधी सलामी द्यावी, हे उलटेच नव्हे काय?

ही शंका रास्त आहे. आपल्याकडे नमस्काराचा पहिला मान वयाचा असतो. लहानाने मोठ्याला आधी नमस्कार करावा, हे आपण घरातच शिकतो. सेनेने वयाचा हा मान मोडला आहे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः सेनेने तो मोडलेला नाही. सलामी ही वयासाठी नसते, इतकेच. ती कशासाठी असते हे एकदा कळले, म्हणजे पलटणीतील दृश्य आणि पारावरील दृश्य यांत विरोध राहत नाही.

भारतीय सेनेतील अधिकाऱ्याला ‘कमिशन’ मिळते. कमिशन म्हणजे राष्ट्रपतींनी दिलेले अधिकारपत्र. ते स्वीकारताना अधिकारी आपल्या हाताखालील माणसांच्या प्राणांची जबाबदारी स्वीकारतो. लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे असतात, कॅप्टनच्या खांद्यावर तीन. आणि मेजर झाला, की ताऱ्यांच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह येतात. ही चिन्हे शोभेची नाहीत. सलामी दिली जाते ती या चिन्हांना, आणि चिन्हांमागे उभ्या असलेल्या राष्ट्राला. सुभेदाराने हात उचलला तो विहिरीत पोहायला शिकलेल्या पोरापुढे नव्हे. राष्ट्रपतींनी त्या पोराच्या खांद्यावर ठेवलेल्या भारापुढे. म्हणून त्या सलामीने सुभेदार लहान होत नाही. आपल्या खांद्यावर केवढे ओझे आले आहे, याची आठवण मात्र लेफ्टनंटला रोज सकाळी होते.

लेफ्टनंटने उत्तर देताना सुभेदाराला ‘साहेब’ म्हटले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्या सेनेत कितीही मोठा अधिकारी असो, तो सुभेदाराला ‘साहेब’ असेच संबोधतो. हुद्द्याने सुभेदार खालचा. परंतु त्याच्या अनुभवाचा मान हुद्द्याने झाकला जाऊ नये, यासाठी ही रीत पडली आहे. शहाणा तरुण अधिकारी पहिल्या काही महिन्यांत सुभेदाराकडून जितके शिकतो, तितके पुस्तकांतून शिकत नाही. सलामीने हुद्द्याचा मान राखला आणि संबोधनाने अनुभवाचा. दोन्ही मान एकाच क्षणी, एकमेकांना धक्का न लावता राखले गेले. शिष्टाचाराचे कौशल्य यातच असते.

तरुण अधिकाऱ्यांच्या आपापसांतील रीतीही अशाच विचारपूर्वक ठरविलेल्या आहेत. लेफ्टनंटने कॅप्टनला आणि कॅप्टनने मेजरला आधी सलामी द्यावी, हे तर उघडच आहे. पण दोघेही लेफ्टनंटच असले तर? तर ज्याला कमिशन आधी मिळाले तो ज्येष्ठ. उंची, श्रीमंती, घराणे किंवा जन्मगाव यांचा तेथे संबंध नाही. त्यातही तिन्ही दलांच्या पदव्या वेगवेगळ्या असल्यामुळे नवख्याची फसगत होण्याचा संभव असतो. भूदलातील कॅप्टन आणि नौदलातील कॅप्टन हे नावाने सारखे. परंतु नौदलातील कॅप्टन हा भूदलातील कर्नलच्या बरोबरीचा असतो. वायुदलातील फ्लाइट लेफ्टनंट हा नावाने लेफ्टनंट दिसला, तरी भूदलातील कॅप्टनच्या बरोबरीचा असतो. म्हणून हे तिन्ही दलांचे तरुण एकमेकांना आधीपासून ओळखत असले तर बरे, या विचाराने पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभारण्यात आली. १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे उद्घाटन झाले. तेव्हापासून भूदल, नौदल आणि वायुदल यांत जाणारे छात्र तेथे एकत्र राहतात, एकाच मैदानावर कवायत करतात आणि एकमेकांचा मान राखावयास शिकतात. २०२२ मध्ये मुलींनाही या संस्थेत प्रवेश मिळाला आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. त्यांच्या खांद्यांवर तारे आले, की त्यांना मिळणारी सलामीही इतरांना मिळते तीच असते. ताऱ्याला जात नाही, तसा स्त्री-पुरुष हा भेदही नाही.

तिन्ही दलांच्या सलामीतही थोडा फरक आहे. भूदलात बोटे जुळवून तळहात समोरच्याला दिसेल असा ठेवतात. हातात शस्त्र नाही, मनात कपट नाही, हे दाखविण्यासाठी मोकळा हात पुढे करण्याची रीत फार जुनी आहे. नौदलात तळहात जमिनीकडे असतो. जुन्या शिडाच्या गलबतांवर काम करणाऱ्या खलाशांचे हात डांबराने आणि दोरखंडांनी काळे होत. असा मळका तळवा वरिष्ठापुढे करू नये म्हणून तो खाली वळविला, असे सांगतात. वायुदलाने २००६ मध्ये आपली पद्धत बदलली आणि तेथे तळहात आता जमिनीशी तिरपा ठेवतात. रीती अशा बदलतात. आतला अर्थ मात्र बदलत नाही.

डोक्यावर टोपी अगर पगडी नसेल तर भूदलात हाताने सलामी देत नाहीत. सावधान स्थितीत उभे राहून अभिवादन करतात. अधिकारी एकत्र जेवतात त्या भोजनगृहात टोप्या काढलेल्या असतात. तेथे वरिष्ठ आला, की कनिष्ठ उठून उभा राहतो आणि ‘जय हिंद’ म्हणतो. जेथे जसे शोभेल तेथे तसे वागावे, हाच या सर्व नियमांचा मथितार्थ आहे.

परंतु या सगळ्या नियमांत सर्वांत मोलाचा नियम एकच आहे, आणि तो बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. तो नियम असा, की सलामीला उत्तर द्यावेच लागते. सेनापती असो वा नवा लेफ्टनंट असो, खालच्या माणसाने सलामी दिली, की वरच्याने तिचा स्वीकार करून तशीच सलामी परत द्यावयाची असते. तेथे ‘मी कामात होतो’, ‘माझे लक्ष नव्हते’ या सबबी शोभत नाहीत. कनिष्ठाने सलामी दिली नाही तर तो चुकला. वरिष्ठाने उत्तर दिले नाही, तर तोही चुकला. आणि त्याची चूक अधिक मोठी, कारण त्याची जबाबदारी अधिक मोठी. टाळी एका हाताने वाजत नाही; सलामीही एका हाताने पुरी होत नाही.

माणसाने माणसाला केलेले वंदन आणि एकाने दुसऱ्याला वाकविणे, यांतील सीमारेषा हीच आहे. इतिहासात डोकावले, म्हणजे ती अधिक स्पष्ट होते.

१६६६ च्या मे महिन्यात शिवाजी महाराज आग्र्यास औरंगजेबाच्या दरबारात गेले. त्यांनी रीतीप्रमाणे नजराणा दिला, बादशहास अभिवादन केले. बादशहाने त्याचे यथोचित उत्तर दिले नाही. उलट आपल्याहून कमी योग्यतेच्या सरदारांच्या मागे महाराजांना उभे केले. महाराजांनी तो अपमान भर दरबारात बोलून दाखविला आणि ते तेथून निघून गेले. महाराजांचा राग अभिवादन करावे लागले म्हणून नव्हता. अभिवादनाचे उत्तर मिळाले नाही, मानाच्या बदल्यात अवमान मिळाला, म्हणून तो होता.

असाच अवमान आपल्या खेड्यापाड्यांतून शेकडो वर्षे रोज होत होता आणि त्याची नोंद कोणत्याही दरबारात होत नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाने गावातील इतरांना दुरूनच ‘जोहार’ घालावा, अशी रीत होती. त्या जोहाराला बरोबरीचे उत्तर मिळत नसे. उत्तर न मिळणारे अभिवादन वर्षानुवर्षे करावे लागले, म्हणजे माणसाच्या मनावर केवढा आघात होतो, याचा विचार ज्यांनी तो जोहार ऐकला त्यांनी क्वचितच केला. शिक्रापुराहून पुण्याच्या दिशेने थोडे अंतर गेले, की कोरेगाव भीमा येथे एक उंच स्तंभ दिसतो. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे झालेल्या लढाईत इंग्रजांच्या पलटणीतून लढताना जे पडले, त्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांत महार शिपायांची नावे पुष्कळ आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे स्वतः सेनेत सुभेदार होते. पुढे, ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांच्या जोहाराला गावाने उत्तर दिले नाही, त्यांच्या सलामीला उत्तर देणे पलटणीत वरिष्ठाला नियमानेच भाग होते. या एका गोष्टीचे मोल त्या माणसांना किती वाटले असेल, ते सांगावयास नको.

तरीही इंग्रजी अमलातील सेना निर्दोष होती असे समजण्याचे कारण नाही. त्या काळी सुभेदाराला व्हाइसरॉयचे कमिशन असे आणि इंग्रज अधिकाऱ्याला राजाचे. तीस वर्षे नोकरी झालेल्या सुभेदाराचा अधिकार हिंदी शिपायांपुरताच चाले. गोऱ्या शिपायावर त्याचा हुकूम चालत नसे. आणि सेनेबाहेर तर त्याहूनही वाईट प्रकार घडले. १९१९ साली पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा गुजरानवाला येथे असा हुकूम निघाला, की इंग्रज अधिकारी दिसताच हिंदी माणसाने वाहनातून खाली उतरावे, उघडलेली छत्री मिटावी आणि सलाम करावा. पुढे चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे हा हुकूम आला, तेव्हा तिलाही तो निषेधार्ह वाटला. तेथेही हात कपाळाकडेच जात होता. पण तो सलाम मान नव्हता, ती शिक्षा होती. भीतीने उचललेला हात आणि आदराने उचललेला हात बाहेरून अगदी सारखे दिसतात. फरक आत असतो, आणि समोरचा माणूस उत्तर कसे देतो, यावरून तो उघड होतो.

स्वातंत्र्यानंतर हा फरक आपण आपल्या सेनेतून पुसून टाकला. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा सरसेनापती झाले. २६ जानेवारी १९५० पासून भारत प्रजासत्ताक झाला आणि कमिशन राजाच्या नावाने न मिळता राष्ट्रपतींच्या नावाने मिळू लागले. सलामी तीच राहिली; तिचा धनी बदलला.

आता कोणी म्हणेल, की प्रजासत्ताकात सर्व नागरिक समान आहेत. मग एकाने दुसऱ्याला सलामी देण्याची ही रीत तरी कशाला हवी? आणि वरिष्ठ अन्यायी असला तर? आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

समानता म्हणजे सर्वांनी एकच काम करणे नव्हे. नावेत बसलेले सर्वजण माणूस म्हणून सारखे असतात. पण सुकाणू एकाच्याच हाती असावे लागते. वादळात दहाजणांनी दहा दिशांनी सुकाणू ओढले तर नाव बुडेल. सेनेचे काम वादळातलेच असते. तेथे कोणाचे ऐकायचे हे आधीच, शांतपणे, रोजच्या सवयीने ठरलेले असावे लागते. सलामी ही त्या सवयीची रोजची उजळणी आहे. ती माणसांत उच्चनीच ठरवीत नाही, जबाबदारीचा क्रम ठरविते. आणि हा क्रम आंधळाही नाही. सेना अधिनियम १९५० मध्ये वरिष्ठाची कायदेशीर आज्ञा मोडणे हा गुन्हा म्हटला आहे. ‘कायदेशीर’ हा शब्द त्यात मुद्दाम आहे. हुद्द्याला सलामी देणारा माणूस आपली सदसद्विवेकबुद्धी वरिष्ठाच्या हवाली करीत नाही. पटत नसेल ते विनयाने सांगण्याचा मार्ग त्याला मोकळा असतो. मतभेद आणि उद्धटपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला कळले त्याला शिस्त कळली.

या सलामीचे खरे मोल रणांगणावर कळते. आणि गंमत अशी, की प्रत्यक्ष रणांगणावर सलामी देतच नाहीत! शत्रू जवळ असेल तेथे कनिष्ठाने वरिष्ठाला सलामी दिली, तर लपून बसलेल्या नेमबाजाला अधिकारी कोण हे आयतेच कळेल. म्हणून तेथे हात खाली ठेवावयाचा, वरिष्ठाच्या रक्षणासाठी. सलामी न देणे हाच त्या ठिकाणचा शिष्टाचार. मग छावणीत वर्षानुवर्षे दिलेल्या सलामीचे तेथे काय उरते? जे उरते ते राम राघोबा राणे यांच्या चरित्रात पाहावे.

राणे यांचा जन्म १९१८ साली कारवारजवळील चेंडिया गावी झाला. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशातील लढाईत त्यांनी नाव मिळविले. १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. म्हणजे अधिकाऱ्यांतील अगदी पहिली पायरी. ही श्रेणी पुढे आपल्या सेनेतून काढून टाकण्यात आली. सात वर्षे ज्या हाताने त्यांनी इतरांना सलामी दिली, त्याच हाताने आता सलामीचे उत्तर द्यावयाचे होते. त्यानंतर चारच महिन्यांनी कसोटीची वेळ आली.

एप्रिल १९४८ मध्ये जम्मू भागात नौशेराहून राजौरीकडे आपले सैन्य निघाले होते. शत्रूने रस्त्यात सुरुंग पेरले होते, झाडे पाडून आणि अडथळे रचून वाट अडविली होती. ती मोकळी करण्याचे काम राणे आणि त्यांच्या तुकडीकडे होते. ८ एप्रिल रोजी काम सुरू होते न होते तोच तोफगोळ्यांचा मारा सुरू झाला. त्यांचे दोन साथीदार ठार झाले, पाच जखमी झाले. त्या जखमींत राणेही होते. तरीही ते मागे गेले नाहीत. सुरुंगांवरून रणगाडा पुढे न्यावयाचा होता आणि चालकाला आतून वाट दिसत नव्हती. तेव्हा राणे स्वतः रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. सुरुंग दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या मध्ये राहतील अशा बेताने ते रणगाड्याबरोबर सरपटत पुढे जात आणि दोन दोरांच्या साहाय्याने चालकाला थांबण्याची व चालण्याची खूण करीत. ११ एप्रिलपर्यंत हे काम त्यांनी जवळजवळ अखंड चालविले.

क्षणभर त्या दोन दोरांचा विचार करावा. खाली एक तरुण अधिकारी, वर कित्येक टनांचे लोखंड, आजूबाजूला सुरुंग. चालकाने दोराची खूण पाळण्यास क्षणभर उशीर केला असता, तर दोघांचाही शेवट होता. चालकाला अधिकाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, शब्द ऐकू येत नव्हता. तरी त्याने दोराची आज्ञा पाळली. आणि अधिकाऱ्याने आपला प्राण चालकाच्या हाती दिला होता. हा विश्वास त्या दिवशी रस्त्यावर एकाएकी उगवत नाही. ‘तू मला मानतोस, मी तुला मानतो; तू माझ्यासाठी उभा आहेस, मी तुझ्यासाठी उभा आहे’, ही देवाणघेवाण छावणीत रोज दोन हात करीत असतात. तिचेच रणांगणावर दोन दोर होतात. राणे यांना परमवीरचक्र मिळाले. हे चक्र जिवंतपणी मिळविणारे ते पहिले वीर होत. १९९४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

परस्परांचा मान राखण्याची ही वृत्ती मुरली, की ती शत्रूलाही ओळखते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला आणि ते पूना हॉर्स या रणगाडा पलटणीत दाखल झाले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत शत्रूचे रणगाडे अडविताना वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांना वीरमरण आले. त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. जवळजवळ तीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांचे वृद्ध वडील, निवृत्त ब्रिगेडियर खेतरपाल, आपले जन्मस्थान पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. तेथे ज्या निवृत्त पाकिस्तानी अधिकाऱ्याने त्यांचा आपल्या घरी पाहुणचार केला, त्यानेच त्या दिवशी अरुणच्या रणगाड्यावर गोळा डागला होता. त्याने ती गोष्ट लपविली नाही. अरुणच्या शौर्याबद्दल मनःपूर्वक आदर व्यक्त करूनच त्याने ती त्या पित्याला सांगितली. समोरच्याचे मोल ओळखावयाला तो आपल्या बाजूचा असावा लागत नाही.

मग सेनेबाहेरच्या माणसांनी यातून काय घ्यावे? शाळेत, कचेरीत, बाजारात सर्वांनी टाचा जुळवून हात उचलावा काय? मुळीच नव्हे. प्रत्येक ठिकाणची रीत त्या त्या ठिकाणीच शोभते. कोणा पुढाऱ्याने किंवा धनवंताने लोकांकडून सलाम घेत हिंडावे, हे तर अगदीच वाईट. तेथे जबाबदारी कसलीच नसते, नुसता रुबाब असतो. घेण्यासारखी गोष्ट सलामी ही नाही. घेण्यासारखे आहे ते सलामीचे उत्तर.

आपल्याकडे एक म्हण आहे, ‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही.’ ज्याच्यापाशी सत्ता, पैसा किंवा प्रसिद्धी आहे, त्यालाच लोक नमस्कार करतात, असा तिचा अर्थ. म्हण खरी असेल, पण ती अभिमानाने सांगण्यासारखी नाही. कारण आपण पुष्कळदा नमस्काराचे उत्तरही समोरच्याचा चमत्कार पाहूनच देतो. शाळेचा शिपाई दारात उभा राहून हसतो. मुले दप्तरे सावरीत त्याच्याकडे न पाहताच आत जातात. पहाटे रस्ता झाडणारी बाई ‘राम राम’ म्हणते. मोठी माणसे नुसती मान हलवून पुढे जातात. एस.टी.चा वाहक, पत्र आणून देणारा पोस्टमन, वर्गातील एखादा अबोल मुलगा, या सर्वांचे अभिवादन रोज कोठेतरी अर्धवट राहते. आणि गुरुजी किंवा वडील माणसे मुलांच्या नमस्काराला उत्तर देत नाहीत, तेव्हा चूक त्यांचीही असते. ती मोठेपणाने झाकली जात नाही.

सेनापतीला जे नियमाने करावे लागते, ते इतरांना स्वेच्छेने करता येणार नाही काय? त्याला गणवेश लागत नाही, कवायत लागत नाही, पैसाही लागत नाही. समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहावे लागते, इतकेच. ज्याच्याकडे आपण पाहतो त्याला, ‘तू आहेस, हे मला ठाऊक आहे’, असे सांगतो. माणसाला याहून अधिक फारसे हवेही नसते.

शिक्रापूरच्या रस्त्यावरून लष्करी गाड्या पुढेही जात राहतील आणि कडेला उभी असलेली मुले हात उंचावीत राहतील. त्यांपैकीच कोणी पुढे सैनिक होईल, कोणी अधिकारी होईल. बहुतेक शेतकरी, कारागीर, शिक्षक होतील. गाडीतल्या जवानाने आपल्याला दिलेले उत्तर ज्याला आठवेल, तो कोणाच्याही नमस्काराला उत्तर दिल्यावाचून राहणार नाही. सलामी देण्याला शिस्त लागते. तिचे उत्तर देण्याला मोठे मन लागते.